आधी खिसा बघ

मला कामाला लावलं टचिंगमावशींनी. पुढे माझी एक चूक स्वतःच्या अंगावर घेऊन मला त्या कामावर टिकवलं, तेही त्यांनीच. हे आधी सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, बाई जरा विचित्रच होती. होत्या तशा. पहिले सहा महिने मला त्यांच्या शेजारी बसायची भीती वाटायची. कामाला येणाऱ्या प्रत्येक फोटोत त्या एक माणूस शोधत असत, आणि तो कोण हे मला कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

आमचं ऑफिस मुलुंड पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या, काचेचं दार, दारावर लिहिलेलं: वेबसाइट, बॅनर, पत्रिका, फोटो टचिंग. टचिंग म्हणजे चेहऱ्यावरचे डाग काढणं, मागचं नको असलेलं पुसणं. मावशी हे काम निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायच्या काळापासून करत आलेल्या, म्हणून हे नाव. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, केसांचा घट्ट अंबाडा. स्क्रीनवर कुणाचाही फोटो उघडला की त्या माउसवरचा हात उचलायच्या आणि हळूच विचारायच्या, "येऊ का?" मग थांबायच्या. जणू आतून कुणी "या" म्हणणार आहे. आणि त्यानंतरच चेहरा मोठा करायच्या.

आमचे मालक प्रशांतदादा चेष्टा करायचे. "मावशी, आत गेलाच आहात तर चहा घेऊन या."

"हस तू. उद्या तुझ्या तोंडापाशी कुणी न विचारता इतकं जवळ आलं, तर काय करशील?"

दादा हसायचे. मला कधी हसू आलं नाही. एकदा एका साखरपुड्याच्या फोटोला त्यांनी "येऊ का?" विचारलं, थांबल्या, आणि मान हलवून फोटो बंद करून टाकला. "नंतर," एवढंच म्हणाल्या. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि मी माझी खुर्ची हळूच लांब सरकवली.

मी भंडारा जिल्ह्यातली, पवनीच्या अलीकडच्या एका गावातली. नववीत असताना आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. आई बरी झाली, शाळा काही परत लागली नाही. गावात मी मोबाइलवर लोकांना फोटो करून द्यायची. बारसं, वाढदिवस, मागे ताजमहाल नाहीतर गुलाब. तेवढ्या विद्येवर मुंबईला आले. विक्रोळीला एका खोलीत आम्ही तिघीजणी राहायचो. बायोडेटावर मी बारावी पास असं लिहिलं, आणि तो छापून घ्यायला म्हणून त्या काचेच्या दारातून आत शिरले.

मावशींनी बायोडेटावरचा फोटो बघितला. मग माझ्याकडे. परत फोटोकडे.

"ही तू नव्हेस."

वाटलं, बारावीचं खोटं हिला माझ्या कपाळावर दिसलं.

"मीच आहे, काकू."

"चमकी बघ. फोटोत उजव्या नाकपुडीला आहे. तू घातलीयेस डावीकडे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलास ना? तो आरसा दाखवतो, आणि कधीकधी आरसाच जपून ठेवतो. आता सांग, कामाला कोण जाणार? तू की ती?"

त्यांनी फोटो सुलट केला, दोन्ही छापले आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. आरशातली माझ्याकडे बघत होती. माझाच ड्रेस, माझंच वय, पण मला ओळखत नसल्यासारखी. मी तो कागद फाडायला घेतला तर मावशींनी हात धरला. "फाडू नको गो. तिने काय केलंय तुझं? ठेव जवळ." तो अजून माझ्या पिशवीत आहे. मग त्यांनी विचारलं, "मागची भिंत कुणी काढली?" मी म्हटलं, मीच, मोबाइलवर. "भिंतीतून केस बरे सोडवलेस. भल्याभल्यांना केस सोडवता येत नाहीत. उद्यापासून ये." दादांना त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं.

मावशींनी मला पुस्तकासारखं काही शिकवलं नाही. त्यांची छोटी छोटी वाक्यं असायची, काम करता करता बाजूला टाकलेली. मी ती वहीत लिहून ठेवायची. पहिलं वाक्य: "मूळ फोटोला हात लावायचा नाही. कॉपी कर, कॉपीला नाव दे, मग काय ते कर. मूळ झोपलेलं असू दे." त्या हे अशा आवाजात सांगायच्या की मी अजूनही मूळ फोटोचं फोल्डर उघडताना माउस हळू दाबते.

दुसरं, डोळे किलकिले करायचे. वेबसाइटचं पान तयार झालं की त्या खुर्ची मागे सरकवायच्या, डोळे अर्धे मिटायच्या. "आता सगळं धूसर झालं. तरी जे दिसतंय, तेच लोकांना दिसणार. काय दिसतंय?" मी म्हणायची, मावशी, फुलांची नक्षी दिसतेय. "मग नक्षीचं लग्न आहे काय? नवरानवरीची नावं मोठी कर." पूर्ण काळा रंग त्या कधी वापरू द्यायच्या नाहीत. अक्षरं काळी हवीत तर किंचित राखाडी घ्यायची. "पूर्ण काळं विहिरीच्या तळाला असतं. लोकांना तिथे वाकून बघायला लावू नको."

एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत बसवायचा असला तर त्या आधी ऊन कुठून येतंय ते बघायला लावायच्या. "सावली आधी, माणूस नंतर. सावली चुकली की बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय, पण तो घाबरतो." हे मी स्वतः करून बघितलं. एका शाळेच्या ग्रुप फोटोत गैरहजर राहिलेल्या शिक्षकांना मी शेवटच्या ओळीत उभं केलं आणि सावली द्यायची विसरले. फोटो झकास दिसत होता. पण त्या शाळेच्या बाईंनी तो हातात घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे सर... बरे आहेत ना?"

पान हलकं हवं, हाही त्यांचा हट्ट. फोटो मोठा ठेवला की पान उघडायला वेळ लागतो. तपासायला त्या जिन्याखाली जाऊन उभ्या राहायच्या, जिथे मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी यायची. तिथे उघडलं तर ते पान पास. माझ्या पहिल्या पानाच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला पाठव. तिच्या फोनवर उघडलं तर खरं." आईचा फोन आला, "बाई, हे तू केलं? उघडून राहिलं ना लगेच!" मावशींनी दोन बोटं वर केली, म्हणजे पास. त्या दिवशी मी जिन्याखालीच रडून घेतलं.

आणि रिकामी जागा. त्यांच्या प्रत्येक पानावर डाव्या बाजूला एक रुंद पट्टा मोकळा असायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, इथे काहीतरी टाका ना, मोरपीस टाका. मावशी सांगायच्या, पान उघडलं की डोळ्यांना श्वास घ्यायला जागा लागते. ते खरंच आहे. पण एकदा मी तिथे बॉर्डर टाकायला गेले तर त्या पटकन बोलून गेल्या, "तिथे नको. एक माणूस बसेल इतकी जागा राहू दे."

"कोण बसणार, मावशी?"

"कुणीतरी."

पण सगळ्यात वरचा नियम खिशाचा. "फोटो आला की आधी खिसा बघ. शर्टाचा खिसा डावीकडे. आपल्याकडच्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर. गुजराती बाई असली तर तिचा उजवीकडून पुढे येतो, तिथे फसू नको. मागे पाटी असेल तर अक्षरं वाच. यातलं काही उलटं दिसलं तर फोटो आरशातला. तो आधी सुलट कर, मग बाकीचं." आणि लगेच पुढचं वाक्य: "आपण होऊन माणसाचा आरसा करायचा नाही. झाडाचा कर, डोंगराचा कर. माणसाचा नाही." का नाही, ते सांगायच्या नाहीत. मला वाटायचं, खिसा उलटा दिसला तर गिऱ्हाईक ओरडेल म्हणून असेल.

फोटोतून काढून टाकलेल्या माणसांचं त्या काय करायच्या, ते मला पावसाळ्यात कळलं. लग्नाच्या फोटोंत मागून जाणारे लोक, वाकून बघणारा वाढपी, मोडलेल्या सोयरिकीतला जुना जावई, हे सगळे आम्ही रोज पुसायचो. मी पुसून मोकळी व्हायची. मावशी आधी त्या माणसाला कडेकडेने कापून वेगळं काढायच्या, आणि एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. फोल्डरचं नाव "पडवी".

"पडवी म्हणजे?"

"घराच्या पुढची जागा. तुम्ही काय म्हणता?"

"ओसरी."

"तीच. घरात जागा नसली तर माणसाला पडवीत बसवतात गो. रस्त्यावर काढत नाहीत."

एक दिवस त्या जेवायला गेल्या असताना मी ते फोल्डर उघडलं. हजारो माणसं. कापलेल्या चित्राच्या मागे काही नसलं की स्क्रीनवर पांढरे-राखाडी चौकोन दिसतात. तशा चौकोनांवर ही सगळी माणसं उभी होती. पायाखाली जमीन नाही, मागे भिंत नाही. प्रत्येकाच्या खाली मावशींनी लिहिलेलं: घाटकोपर, हळद, निळा शर्ट, मागे वळलेला. मानखुर्द, उद्घाटन, टोपी, चेहरा अर्धा. सगळे पुरुष. बाई एकही नाही. मी पटकन फोल्डर बंद केलं, आणि मला असं वाटलं की बंद करताना त्यातल्या कुणीतरी माझ्याकडे मान वळवली. तसं होत नाही, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून कुठलाही फोटो आला की मी नवरानवरीच्या आधी मागच्या माणसांकडे बघायला लागले.

आता माझ्या चुकीचं सांगते.

मुलुंडमधल्याच एका घरातून आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आमंत्रणाचं पान करायला आलं होतं. आप्पा ऐंशी ओलांडलेले, सगळे नातेवाईक येणार, पान सगळ्यांच्या मोबाइलवर जाणार. फोटोत आप्पा सोवळं नेसून पूजेला बसलेले, उघड्या अंगाने, मान वळवून पानाच्या बाहेर बघत असलेले. मी एका व्हिडिओत ऐकलं होतं की पानावरच्या माणसाचा चेहरा मजकुराकडे वळलेला असावा, म्हणजे वाचणाऱ्याची नजरही तिकडे जाते. मावशी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दादांची घाई चाललेली, "प्रणाली, झालं का? पाठव लवकर." मी फोटो तपासला. खिसा नव्हता. पदर नव्हता. घड्याळ नव्हतं, पाटी नव्हती. म्हटलं, या फोटोला उलटसुलट कळायचं कारणच नाही. मी आप्पांचा आरसा केला. आप्पा मजकुराकडे बघायला लागले. पान छान दिसत होतं. मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला आणि दादांचा चेहरा उतरला. फोन चालू असतानाच काचेचं दार ढकलून आप्पा स्वतः आत आले. काठी, स्वच्छ पांढरा शर्ट, खिसा डावीकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"पोरी, हा दोरा दिसतो?"

दिसत होता. आमच्या घरात कुणी जानवं घालत नाही. माझ्या लेखी तो नुसता दोरा होता.

"हा डाव्या खांद्यावर असतो. पितरांना पाणी देताना तेवढा उजव्या खांद्यावर घेतात. त्याला अपसव्य म्हणतात. सकाळी चष्मा लावून पान उघडलं तर मी पितरांचं करायला बसलेला." त्यांनी मोबाइल स्वतःकडे वळवून परत एकदा बघितलं. "वाटलं, कुणाचं करतोय मी? माझ्या आधीचे सगळे झाले करून. मग माझं मीच करतोय की काय?"



दादा फोन ठेवून आले. "कुणी केलं हे? प्रणाली? काय वाट लावलीस यार! एवढी साधी गोष्ट कळू नये? तू बारावीला कुठल्या कॉलेजला होतीस गं? उद्या येताना मार्कशीट घेऊन ये. उद्या म्हणजे उद्या."

मार्कशीट नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे परतीची गाडी. गावी गेले असते तर पुन्हा कुणी बाहेर पडू दिलं नसतं.

"आरसा मी केला," शेजारच्या खुर्चीवरून मावशी म्हणाल्या.

दादा हसलेच. "मावशी, तुम्ही? तुम्ही माशीचासुद्धा आरसा करत नाही."

"माझ्याच हातून झाला. दिसत नाही आता धड. काल डॉक्टरकडून आले, उरलेलं काम बघायला बसले. कुठलं बटण दाबलं, कळलं नाही."

मी तोंड उघडलं. मावशींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. मी तोंड मिटलं. ते मिटलं नसतं तर, हा विचार आजही रोज येतो.

दादा खुर्ची ओढून मावशींसमोर बसले. मग शांतपणे म्हणाले, "मावशी, मग आता पुरे ना? खूप केलंत. या महिन्याअखेर घरी आराम करा." त्यांचा आवाज वाईट नव्हता, हेच वाईट होतं. आप्पांनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा माझ्या खाली गेलेल्या मानेकडे. त्यांना कळलं असावं. "सुलट करा, बाई," एवढंच म्हणाले. मावशींनी मूळ फोटो काढला. तो झोपलेला होता तसाच होता. पान बदललं, आणि आप्पांनी शर्टावरून आपला डावा खांदा हळूच चाचपला. सोहळा व्यवस्थित झाला. पण त्यांची सून पुढे पेढे घेऊन आली तेव्हा सांगत होती, आप्पा हल्ली दिवसातून दहादा शर्टात हात घालून बघतात, जानवं कुठल्या खांद्यावर आहे.

त्या दुपारी दादा बँकेत गेले तेव्हा मी मावशींना विचारलं, का केलंत असं? त्यांनी पाकिटातून घडी घातलेला, पिवळा पडलेला एक कागद काढला. हरवला आहे, असं वर छापलेलं. खाली चौकड्यांचा शर्ट घातलेला एक तरुण.

"माझा भाऊ. बाबल. बावीस वर्षांचा होता. बाबांची गिरणी बंद पडली, बाबा घरात बसायला लागले, आणि बाबल एक दिवस काम बघतो म्हणून निघाला तो गेला. मी तेव्हा घाटकोपरला स्टुडिओत होते. हा फोटो मीच काढलेला, कागदासाठी मीच छापला. रडत होते, घाई होती. निगेटिव्ह यंत्रात पालथी लागली. छापताना तशी लागली की फोटो आरशासारखा उलटा येतो."

"मग?"

"त्याच्या उजव्या भुवईवर खूण होती, लहानपणी पडलेला. मजकुरात नुसतं 'भुवईवर खूण' लिहिलं. कुठल्या, ते फोटोत दिसतंय म्हणून. कागद सगळीकडे लावले. चार महिन्यांनी विक्रोळीला एक टपरीवाला मला म्हणतो, ताई, असाच एक रोज इथे येऊन बसायचा. पण तुमच्या कागदावर खूण डाव्या भुवईवर, त्याची उजव्या. म्हटलं, दुसरा कोणी असेल. आता महिना झाला, येत नाही." मावशींनी कागद माझ्याकडे सरकवला. "तेव्हा घरी जाऊन मी पहिल्यांदा नीट बघितलं. खिसा बघ."

खिसा उजवीकडे होता.

"सगळी मुंबई त्याला शोधत होती गो, आणि मी त्यांच्या हातात दुसराच माणूस दिला. या कागदावरचा कोण, मला माहीत नाही. तो बाबल नव्हे. पण तोही बिचारा तेव्हापासून माझ्याजवळच आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "तू चूक केलीस, ती एका दिवसात सुलट झाली. अशा चुकीपायी कुणाला घरी पाठवू नये. म्हणून केलं."

मग मला सगळं कळलं. पडवी कळली. पानावरची मोकळी जागा कळली. लोकांच्या फोटोत मागे कुठेतरी बाबल उभा असेल, म्हणून त्या चाळीस वर्षं मागच्या माणसांकडे बघत होत्या, आणि ओळख पटली नाही तरी कुठल्याच पुरुषाला पुसून टाकायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी विचारलं, "आणि 'येऊ का?' ते कुणाला विचारता?"

"तो असलाच तर," मावशी म्हणाल्या, "घाबरून परत पळू नये."

महिनाअखेरीस त्या गेल्या. कणकवलीजवळ त्यांचं गावचं घर आहे, चुलत भावाचं कुटुंब तिथे असतं. जाताना मला दोन गोष्टी दिल्या. एक, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. त्यांना माझी नववी पहिल्या दिवसापासून माहीत होती. "बारावी झालेल्या पोरीला फॉर्म भरायची सवय असते, ती जन्मतारीख चार वेळा तपासून लिहीत नाही," असं म्हणाल्या. दुसरी, पडवीचा ड्राइव्ह. "माका आता दिसणा नाय. तू बघत ऱ्हव." आणि स्क्रीनच्या काचेवर बोट ठेवून एक शेवटचं वाक्य: "चेहरा तीनशे टक्क्यांच्या वर मोठा करू नको. त्याच्या पुढे माणूस राहत नाही, नुसते चौकोन राहतात. आणि चौकोनांतून कोण बघतं, ते आपल्याला कळत नाही."

त्यांच्या खुर्चीवर मी बसते. दादांना मी खरं अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर कळेल. कळू दे. फॉर्म भरलाय.

दर रविवारी मावशींचा फोन येतो. आधी विचारतात, जेवलीस काय? मग विचारतात, "पडवीत कोण इलो काय गो?" मी सांगते, नवीन बरेच आले, आपला कोणी नाही. "बरां," म्हणतात.

मागच्या आठवड्यात मरोळच्या एका भजनी मंडळाचं काम आलं. वेबसाइटसाठी बायकांनी मोबाइलवर काढलेले सेल्फी पाठवले होते. एक उघडला. आधी खिसा बघितला. खिसा असलेलं कुणी पुढे नव्हतंच, सगळ्या बायका, पदर सगळ्यांचे उजव्या खांद्यावर. म्हणजे आरसा. मागच्या दुकानाची पाटीही उलटी. त्या पाटीखाली एक माणूस उभा होता. चौकड्यांचा शर्ट. खिसा उजवीकडे. डाव्या भुवईवर काहीतरी पांढुरकं.

मी फोटोची कॉपी केली, कॉपीला नाव दिलं, आणि सुलट केला. पदर जागेवर आले. पाटीची अक्षरं वाचता आली, मरोळमधलंच एक चक्कीचं दुकान. खिसा डावीकडे गेला. भुवईवरची खूण उजवीकडे गेली. माझा हात माउसवरून आपोआप उचलला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याने विचारलं, "येऊ का?" दादा पलीकडच्या खोलीतून हसले. मी थांबले. मग मोठा केला. शंभर, दोनशे, तीनशे. केस काळे. गाल भरलेले. बावीस-तेवीसच्या पुढचा कुणी नव्हता तो. बाबल आज साठीचा असेल, हे मला कळतं. तरी तो उभा होता, आणि बायकांकडे बघत नव्हता. सरळ इकडे बघत होता. आणखी मोठा करावासा वाटला. केला नाही.

रविवारी फोन आला. जेवलीस काय? जेवले. पडवीत कोण इलो काय? मी म्हटलं, "बघतेय, मावशी."

त्यांनी हळू विचारलं, "खिसो खंयच्या बाजूक आसा?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"डावीकडे," मी म्हटलं. "मी सुलट केला."

"बरां केलंस," मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही आता, कुणीतरी वाचून दाखवील. येत्या सुट्टीला मी मरोळला जाते आहे. सुलट केलेला फोटो छापून घेतलाय, उजव्या भुवईवरची खूण नीट दिसते. त्या चक्कीपाशी उभी राहीन, आजूबाजूच्या प्रत्येक टपरीवर विचारीन. तो दुसऱ्याच कुणाचा मुलगा निघाला तर त्याची माफी मागीन आणि पुढच्या फोटोकडे वळेन. आणि ज्या दिवशी आपला सापडेल, तो कितीही वर्षांचा असला तरी, त्याला आधी "येऊ का?" विचारीन, मग तुमच्या खऱ्या पडवीत आणून बसवीन. माझ्या हातून जी खुर्ची तुमची गेली, तिच्या बदल्यात एवढं मी करणार आहे.